रेघ पक्की होण्याआधी ऊर्जेचा हिशेब

इमारत पुढची पन्नास वर्षं किती वीज खाणार, याचा बराचसा निकाल डिझाइनच्या पहिल्या काही आठवड्यांत लागतो. लांब बाजू कुठल्या दिशेला तोंड करते, कुठल्या भिंतीत किती खिडक्या येतात, जिना, लिफ्ट आणि संडास कुठल्या अंगाला जातात, गच्ची केवढी राहते, हे सगळं ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने ठरतं आणि मग कायमचं राहतं. ऊर्जा सल्लागाराला मात्र बहुतेक वेळा मंजुरीचे नकाशे पक्के झाल्यावर बोलावलं जातं. तोवर काच कुठली घ्यायची आणि एसी किती टनांचा, एवढे दोनच प्रश्न त्याच्यापुढे उरलेले असतात. त्यांची उत्तरं तो चोख देईलही, पण पश्चिमेला उघडलेला अख्खा दर्शनी भाग त्याला फिरवता येत नाही.

छोट्या ऑफिसात काम करणाऱ्या आर्किटेक्टांनी आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी हा पहिला हिशेब स्वतःच करावा, असं मला कळकळीने वाटतं. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. लागते ती एक समज: या टप्प्यावरचं मॉडेल वीजबिलाचं भविष्य सांगण्यासाठी नसतं. दोन पर्यायांतला कुठला बरा आणि फरक दखल घेण्याइतका आहे का, एवढंच त्याला विचारायचं. हवामानाचा आकडा थोडा चुकला, माणसांची संख्या अंदाजाने धरली, तर ती चूक दोन्ही पर्यायांत सारखीच शिरते आणि तुलना बऱ्यापैकी टिकते. म्हणून ढोबळ मॉडेलही उपयोगी पडतं, आणि म्हणूनच त्यातून निघालेला एकटा आकडा क्लायंटला हमी म्हणून कधीही सांगायचा नाही.

सुरुवात एक्सेलच्या एका पानाने करा. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने (बीईई) २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ आणली. तिच्यात आरईटीव्ही नावाचा एक आकडा आहे. गच्ची वगळून बाहेरच्या भिंती आणि खिडक्यांमधून सरासरी किती उष्णता आत येते, ते तो दर चौरस मीटरला वॅटमध्ये सांगतो. शीत विभाग सोडला तर बाकी सर्वत्र तो १५ च्या आत असावा असं ही संहिता सांगते. यामागे कितीतरी सविस्तर सिम्युलेशनं आहेत. त्यांचं सार काढून कॅल्क्युलेटरवर करता येईल असं सूत्र बनवलेलं आहे, म्हणजे सोपं केलेलं मॉडेल तुमच्या हातात आयतंच आलेलं आहे.

मुंबई, कोकण आणि गोवा ज्या उष्ण-दमट विभागात येतात, त्याचं सूत्र असं. भिंतीसाठी क्षेत्रफळ, यू-व्हॅल्यू (तापमानातल्या फरकामुळे उष्णता किती सहज आरपार जाते, त्याचं माप) आणि दिशेचा गुणक यांचा गुणाकार करायचा, सगळ्या भिंतींची बेरीज घ्यायची आणि तिला ५.१५ ने गुणायचं. काचेतून तापमानातल्या फरकामुळे येणाऱ्या उष्णतेसाठी काचेचं क्षेत्रफळ, तिची यू-व्हॅल्यू आणि दिशेचा गुणक, गुणिले १.३१. काचेतून थेट आत येणाऱ्या उन्हासाठी क्षेत्रफळ, एसएचजीसी (काचेवर पडलेल्या उन्हाचा आत येणारा हिस्सा) आणि दिशेचा गुणक, गुणिले ६५.२१. तिन्हींची बेरीज भागिले बाहेरच्या बाजूंचं खिडक्यांसकट एकूण क्षेत्रफळ. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे सगळ्या महाराष्ट्रात, दिशेचे गुणक उत्तरेला ०.६५९, पूर्वेला १.१५५, दक्षिणेला ०.९६६ आणि पश्चिमेला १.१५६. विदर्भ-मराठवाड्यातल्या कामासाठी ५.१५, १.३१ आणि ६५.२१ यांच्या जागी तिथल्या हवामान विभागाचे गुणक घ्यावे लागतील. संहितेची कुठली आवृत्ती तुमच्या पालिकेत चालते, तेही आधी पाहून घ्या.

एक मजला धरून चालू: ३० मीटर लांब, १२ मीटर रुंद, ३ मीटर उंच. लांब भिंतींत २५ टक्के खिडक्या, आखूड भिंतींत १० टक्के. भिंत नऊ इंची विटेची, प्लास्टरसकट यू-व्हॅल्यू साधारण २. काच साधी ६ मिलिमीटरची, यू-व्हॅल्यू ५.७ आणि एसएचजीसी ०.८. छज्जा नाही. लांब बाजू पूर्व-पश्चिमेला ठेवली तर आरईटीव्ही २२.२ येतो. तोच प्लॅन काटकोनात फिरवून लांब बाजू उत्तर-दक्षिणेला केली की १८.२. वीट तीच, काच तीच, खर्च शून्य, आणि उष्णता जवळपास पाचव्या हिश्शाने कमी.

आता विटेऐवजी २०० मिलिमीटरचा एएसी ब्लॉक घ्या, यू-व्हॅल्यू ०.८ धरा. उत्तर-दक्षिण प्लॅन १३.६ वर येतो आणि संहितेच्या मर्यादेत बसतो. पूर्व-पश्चिम प्लॅन १७.१ वरच अडकतो. त्याला १४.१ पर्यंत आणायचं तर ब्लॉकच्या जोडीला सगळ्या खिडक्यांवर सावली लागते, इतकी की काचेचा परिणामी एसएचजीसी ०.६ होईल. सुरुवातीला प्लॅन फिरवला नाही म्हणून पुढे काय काय विकत घ्यावं लागतं, त्याचा हा हिशेब आहे.

याच पानावर आणखी एक गोष्ट दिसते, आणि तिच्यापाशी थोडं थांबा. पहिल्या पर्यायात खिडक्या एकूण बाहेरच्या क्षेत्राच्या पाचव्या हिश्शाहून किंचितच जास्त आहेत, पण साठ टक्क्यांहून अधिक उष्णता त्यांच्यातूनच येते. त्यातलीही बहुतेक थेट उन्हाची. म्हणून आधी उन्हाचा बंदोबस्त, मग भिंतीचा विचार. दुहेरी काचेसाठी पैसे मोजण्याआधी हे सूत्र पुन्हा पाहा: काचेच्या यू-व्हॅल्यूला मिळणारा गुणक १.३१ आहे आणि उन्हाला मिळणारा ६५.२१. यू-व्हॅल्यू ५.७ आणि एसएचजीसी ०.८ असताना पहिली बाब उन्हाच्या सातव्या हिश्शाएवढीच भरते. थंड देशातल्या कॅटलॉगमध्ये ज्या गुणाचं कौतुक असतं, तो गुण आपल्या किनारपट्टीवर इतका कमी उपयोगाचा आहे.

खिडक्या नुसत्या लहान करून सुटका होत नाही, तेही बरंच आहे. वारा यायला हवा म्हणून तीच संहिता उष्ण-दमट विभागात चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के उघडणारं क्षेत्र मागते. ६० चौरस मीटरच्या फ्लॅटला १० चौरस मीटर. दोन पाखांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, त्यामुळे तेवढ्या वाऱ्यासाठी २० चौरस मीटर काच लावावी लागते. बिजागरीची खिडकी ९० टक्के उघडते असं धरतात, तिथे ११ चौरस मीटरमध्ये काम होतं. काच नऊ चौरस मीटरने कमी, वारा तेवढाच. बिल्डरला सरकती खिडकी स्वस्त पडते हे खरं, पण हा हिशेब टेबलावर ठेवला की चर्चा निदान सुरू होते.

पण सूत्राला जे दिसत नाही, ते तुम्हाला दिसलंच पाहिजे. आरईटीव्हीला वारा कळत नाही. शेजारची बावीस मजली इमारत कळत नाही. समुद्र कळत नाही. चार्ल्स कोरियांचं कंबाला हिलवरचं कांचनजंगा (१९८३) या बाबतीत फार शिकवून जातं. मुंबईत समुद्रावरून येणारा वारा आणि दृश्य पश्चिमेला, बंदर पूर्वेला. म्हणून २८ मजल्यांची ती इमारत पूर्व-पश्चिमच उघडते, म्हणजे आपल्या सूत्राने ज्याला नापास केलं तेच करते. मात्र दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा पश्चिमेकडूनच येतो हे जाणून कोरियांनी घराच्या कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या कोरल्या आणि राहत्या खोल्या त्यांच्या आड सरकवल्या. जुन्या बंगल्यांभोवतालचा व्हरांडा उभ्या इमारतीत आणण्याचा तो प्रयत्न होता. दिशा बदलता येत नसेल तर सेक्शन बदलता येतो, हे त्यातून घ्यावं. पुनर्विकासाच्या प्लॉटवर तर रस्ता आणि मार्जिन सगळं ठरवून टाकतात. तिथेही जिना, लिफ्ट, डक्ट आणि संडास पश्चिमेला ढकलणं बहुतेक वेळा शक्य असतं. ते पहिल्या आठवड्यातच शक्य असतं.

सावलीचा हिशेबही हातानेच होतो. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यात शून्य सावलीच्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि पुढे जुलैअखेरपर्यंत भरदुपारी थोडा उत्तरेकडे झुकलेला असतो. विषुवदिनी माध्यान्हीला त्याची उंची ७१ अंश. १.२ मीटर उंच दक्षिणमुखी खिडकीच्या माथ्यावर ४५ सेंटिमीटरचा छज्जा असेल तर त्या वेळी काच पूर्ण सावलीत राहते. २१ डिसेंबरला सूर्य ४७.५ अंशांवर उतरतो आणि थोडं ऊन आत येतं. तेव्हा ते फारसं नकोसं नसतं. पश्चिमेची गोष्ट वेगळी. मार्चमधल्या विषुवदिनी घड्याळात पावणेपाच वाजले की ऊन पश्चिमेच्या खिडकीवर जेमतेम २८ अंशांच्या कोनाने येतं. तेवढ्याच खिडकीला पूर्ण सावली द्यायला सव्वादोन मीटरचा छज्जा लागेल. म्हणजे पश्चिमेला छज्ज्यावर विसंबू नका. उभ्या पट्ट्या, बाहेरून सरकणारी जाळी, खोल बाल्कनी किंवा सरळ कमी काच, यांतलं काही निवडा. चारही बाजूंना एकाच मापाचा वेदर शेड दाखवलेला प्लॅन मला दिसतो तेव्हा हा हिशेब कोणीच केलेला नाही, हे कळतं.

एवढं झालं की संगणकाकडे वळा. एनर्जीप्लस हे इंजिन मोफत आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने जुनी ब्लास्ट आणि डीओई-२ ही दोन सॉफ्टवेअरं एकत्र करून २००१ मध्ये ते पहिल्यांदा बाहेर आणलं. ओपनस्टुडिओतून ते चालवता येतं. ग्रासहॉपर येत असेल तर लेडीबगमधूनही. कुठल्या रस्त्याने जाता याला फार महत्त्व नाही. महत्त्व आहे ते अख्खी इमारत न काढण्याला.

एक खोली काढा. ५ मीटर रुंद, ६ मीटर खोल, ३ मीटर उंच. एकच भिंत बाहेरची. उरलेल्या तीन भिंती, लादी आणि छत यांच्या पलीकडेही असंच तापमान आहे असं मॉडेलला सांगा, म्हणजे त्यांतून उष्णता जाणार-येणार नाही. हा झाला ठोकळा. तो चार दिशांना फिरवा, खिडकी २०, ३० आणि ४० टक्के करून पाहा, प्रत्येक वेळी सावलीसह आणि सावलीविना. चोवीस वेळा चालवायचं, आणि दर वेळी काही सेकंद लागतात. एका दुपारी तुमच्या प्लॉटवरचं जवळजवळ सगळं शहाणपण हाती येतं. सर्वांत वरच्या मजल्यासाठी एक वेगळा ठोकळा करा, छत उघडं ठेवून. बैठ्या घरांत आणि शाळांत गच्ची हाच मोठा उष्णतास्रोत असतो, आणि आरईटीव्हीत तो मोजलाच जात नाही. संहितेत गच्चीची यू-व्हॅल्यू १.२ च्या आत ठेवायला सांगितली आहे. उघडा आरसीसी स्लॅब त्याच्या जवळही जात नाही.

ठोकळ्यात भरायच्या आकड्यांत सर्वांत जास्त गफलत वेळापत्रकात होते. भिंतीच्या यू-व्हॅल्यूवर आपण तासभर वाद घालतो आणि एसी किती वाजता चालू होतो, याला सॉफ्टवेअरने दिलेलं उत्तर मुकाट मान्य करतो. तयार वेळापत्रक बहुधा सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, म्हणजे ऑफिसचं असतं. घरात बेडरूमचा एसी रात्री लागतो. पश्चिमेच्या भिंतीने दुपारभर झेललेलं ऊन वीट किंवा काँक्रीट काही तासांनी आत सोडतं, नेमकं लोक झोपायला जातात तेव्हा. हल्ली उंच इमारतींत अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात, आणि त्यांची यू-व्हॅल्यू विटेपेक्षाही वाईट. एसी रात्री नऊ ते सकाळी सहा असा घालून ठोकळा पुन्हा चालवा. कुठली भिंत महत्त्वाची, याचा क्रम कधीकधी बदललेला दिसेल. ही गोष्ट तासागणिक चालणाऱ्या मॉडेललाच कळते, सरासरीच्या सूत्राला नाही. एक्सेल सोडून पुढे यायचं खरं कारण हेच.

ऑफिसच्या ठोकळ्यात मी दर १० चौरस मीटरला एक माणूस, दिव्यांना चौरस मीटरला ८ ते १० वॅट आणि संगणक वगैरेंना १० ते १५ वॅट धरतो. उपकरणांचा आकडा ‘सेफ साइडला’ म्हणून ४० वॅट घातला तर आतलीच उष्णता इतकी वाढते की बाहेरच्या सावलीने पडणारा फरक त्यात बुडून जातो, आणि छज्जा निरुपयोगी आहे असा खोटा निष्कर्ष निघतो.

हवामानाच्या फाइलीत वर्षाचे ८,७६० तास असतात. ते कुठल्या एका वर्षाचे नसतात. वेगवेगळ्या वर्षांतले नेहमीसारखे महिने निवडून जोडलेलं ते नमुन्याचं वर्ष असतं. त्यामुळे उष्णतेची लाट त्यात नाही, आणि वाढत चाललेल्या शहराचा ताप तर नाहीच. मुंबईत हवामान खात्याच्या नोंदी कुलाबा आणि सांताक्रूझ अशा दोन ठिकाणी होतात, आणि दोन्हींच्या तापमानात फरक असतो. फाइल कुठली आहे ते उघडून पाहा. वाऱ्याचा आकडा तर विमानतळासारख्या मोकळ्या मैदानातला असतो. गिरगावातल्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर तो वारा मिळत नाही. खेळत्या हवेवर भिस्त ठेवणारं डिझाइन असेल तर वाऱ्याचा वेग निम्म्यावर आणूनही एकदा चालवा.

आणखी एक खड्डा. एनर्जीप्लसमध्ये सुरुवातीला ‘आयडियल लोड्स’ हा पर्याय घेणंच योग्य, कारण एसीच्या यंत्रणेचा तपशील अजून ठरलेला नसतो. पण तो पर्याय जे युनिट दाखवतो ते खोलीतून काढावी लागणारी उष्णता असते, वीज नव्हे. एसीचा सीओपी (काढलेली उष्णता भागिले खाल्लेली वीज) ३ धरला तर ३,००० युनिट उष्णतेला साधारण १,००० युनिट वीज लागते. हा भागाकार विसरून क्लायंटला तिप्पट बिल दाखवणं सहज घडतं.

आणि जिथे एसी नाही तिथे काय मोजायचं? आपल्याकडच्या असंख्य घरांत, शाळांत आणि ग्रामीण दवाखान्यांत विजेचा आकडा पाहण्यात अर्थच नाही, तो कुठल्याही पर्यायात लहानच येईल. तिथे माणसाला सोसवेल इतका उकाडा वर्षातले किती तास ओलांडला जातो, ते मोजा. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात भारतीय कार्यालयांच्या पाहणीतून ‘आयमॅक’ हे सूत्र तयार झालं आणि २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतही आलं. नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतीत सुखकर तापमान म्हणजे बाहेरच्या गेल्या काही दिवसांच्या सरासरी तापमानाच्या ०.५४ पट अधिक १२.८३. बाहेर सरासरी ३० असेल तर आत २९ अंश, आणि दोन्ही बाजूंना सुमारे २.४ अंशांची सूट. म्हणजे ३१.४ च्या वर गेलेला प्रत्येक तास मोजायचा. मे महिन्यातल्या शाळेच्या वर्गापेक्षा जूनमधल्या वर्गाची मोजणी करा, मुलं तेव्हाच तिथे बसणार असतात. या मोजणीने एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेची गच्ची पांढऱ्या चायना मोझॅकची झाली, तर त्या सिम्युलेशनचं चीज झालं असं मी मानेन.

निकाल हाती आले की आधी त्यांच्यावर संशय घ्या. बीईईच्या २००९ सालच्या ऑफिस-तारांकनात उष्ण-दमट भागातल्या, निम्म्याहून अधिक वातानुकूलित इमारतीला दर चौरस मीटरला वर्षाला २०० ते १७५ युनिट असतील तर एक तारा आणि १०० च्या आत असतील तर पाच तारे होते. तुमच्या ऑफिसच्या ठोकळ्यात दिवे आणि उपकरणं धरून ६०० युनिट किंवा १५ युनिट येत असतील, तर डिझाइन अफलातून नाही, कुठेतरी मिलिमीटर-मीटरची चूक आहे. त्याच वस्तीतल्या मिळत्याजुळत्या इमारतीची बारा महिन्यांची बिलं कोणाकडून मिळाली तर त्याहून चांगली कसोटी नाही. सोसायटीचे सेक्रेटरी विचारलं तर देतात.

एका वेळी एकच गोष्ट बदला. काच, सावली आणि भिंत एकदम बदलून तीस टक्के बचत दाखवली तर त्यातली कुठली गोष्ट कामाची होती, हे तुम्हालाच कळणार नाही. आणि बजेट आवळलं जाईल तेव्हा नेमकी तीच कापली जाईल. क्लायंटपुढे दशांश चिन्हानंतरचे आकडे ठेवू नका, ढोबळ मॉडेलला ते शोभत नाहीत. ‘पश्चिमेची काच निम्मी केली तर या खोल्यांचा एसीचा भार सुमारे एक चतुर्थांशाने उतरतो’ अशा भाषेत, तुमच्या ठोकळ्यातून जो हिस्सा निघाला असेल तो सांगा. दोन पर्यायांत पाच टक्क्यांहून कमी फरक असेल तर ते सारखेच समजा आणि दिसायला, वापरायला जो चांगला तो निवडा.

गृहीतकांचं एक पान मात्र लिहून ठेवा: फाइल कुठली, वेळापत्रक कुठलं, यू-व्हॅल्यू कुठून घेतली. प्रकल्प मोठा असेल, जोडभार १०० किलोवॅट किंवा करार-मागणी १२० केव्हीएच्या पुढे जाणार असेल, तर व्यावसायिक इमारतींच्या ऊर्जा संहितेत (२०१७ च्या ईसीबीसीत हीच मर्यादा होती) तो येतो का ते पाहा, आणि सविस्तर मॉडेल लागलं तर ते तज्ज्ञाकडूनच करून घ्या. ते पान त्याला द्या, त्याचा वेळ वाचतो आणि तुमचे पहिले निर्णय तो उलथवत नाही. ठोकळ्याच्या फाइली बांधकाम संपेपर्यंत हाताशी असू द्या. आठव्या मजल्याचा स्लॅब पडल्यावर कोणीतरी म्हणणार की दक्षिणेचे छज्जे काढून टाकू, तेवढंच शटरिंग वाचेल. तेव्हा तीच फाइल उघडायची, छज्जा काढायचा, चालवायची आणि संध्याकाळच्या साइट मीटिंगला दोन्ही आकडे शेजारी शेजारी घेऊन जायचं.